चार पुस्तकांची पायरी

मुलीच्या फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी आम्हाला एक पत्रक मिळालं होतं : 'पालकांनी काय अपेक्षा ठेवावी'. दोन्ही बाजूंनी छापलेलं, बारीक अक्षरात. मी ते चार वेळा वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या, समासात प्रश्न लिहिले. नवऱ्याने त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवली. मी ती चिडून ओढून काढली. तरीही आमच्या घरात त्या पत्रकाप्रमाणे वागणारा तो एकटाच होता, हे मला फार उशिरा कळलं, आणि ते कबूल करताना अजून माझ्या कपाळाला आठी पडते.

आमची मुलगी दोन महिने आधी जन्मली. काचेच्या पेटीतल्या त्या जिवाकडे बघून नवरा म्हणाला होता, "अगं, ही तर शर्टाच्या बटणाएवढी आहे," आणि बटण हेच नाव पडलं. आता बटण सव्वातीन वर्षांची आहे. बोलते भरपूर, खाते निवडून निवडून, आणि चालते ती उजव्या पायाने; डावा पाय नुसता सोबतीला येतो. डावी टाच जमिनीला टेकत नाही. डावी मूठ सहजासहजी उघडत नाही. डाव्या बुटात प्लास्टिकचा एक साचा असतो, तो चढवताना रोज सकाळी आमच्या दोघींचं युद्ध होतं आणि रोज सकाळी मीच हरते.

फिजिओथेरपीच्या केंद्रात नाव घातलं तेव्हा रांग होती. सात महिने आम्ही त्या रांगेत होतो. सात महिने मी फोन वाजला की धावत होते, आणि दर वेळी कुणीतरी मला काहीतरी विकायला बघत होतं. शेवटी वेळ मिळाली : मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार. ही वेळ म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात नाजूक वस्तू होती. ताप, पाऊस, पाहुणे, माझं ऑफिस, काहीही असो, चारला आम्ही दारात. कारण एकदा हातची गेली की पुन्हा सात महिने.

आणि एवढं करून आत काय? मला वाटलं होतं यंत्रं असतील. दिवे लागणारी, पट्टे असलेली, आकडे दाखवणारी. आत होती एक मोठी खोली, खाली निळ्या गाद्या, एका भिंतीला आरसा, एक माझ्या कमरेएवढा चेंडू, एक लाकडी खोका, आणि मोज्यांतली एक बाई. गादीवर बूट चालत नाहीत म्हणून ती दिवसभर मोज्यांवर असायची, आणि तिचे दोन मोजे कधी एकमेकांचे नसायचे. बटणने तिला पहिल्याच दिवशी मोजेताई करून टाकलं. पुढे मीही तेच म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी मोजेताईने चाळीस मिनिटं साबणाचे बुडबुडे उडवले.

"सुरुवात कधी करायची?" मी पस्तिसाव्या मिनिटाला विचारलं.

"काय सुरुवात?"

"व्यायामाला."

"अहो, ती बाराव्यांदा उकिडवी बसून उठलीये. मोजलं नाहीत?"

मी मोजलं नव्हतं. मी, जी सगळं मोजते. मला त्या बुडबुड्यांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या महिन्यात ती बटणला पडू द्यायला लागली. मुद्दाम. चेंडूवर बसवायचं, चेंडू हळूच हलवायचा, आणि बटण घरंगळून गादीवर. मी दर वेळी अर्धी उठायचे. सहाव्या वेळी मोजेताई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, बसा. हात कसे टेकायचे ते ती शिकतेय. तुम्ही झेललंत तर तुमचे हात शिकतील."

हे घरी सांगितलं तर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "पाडायला शिकवतात? आणि त्यासाठी आपण दोन बस बदलून जातो?" त्यांच्या राज्यात बटणचे पाय जमिनीला लागतच नसत. सोफ्यावरून उतरायचं, आजी. पाणी हवंय, आजी. चेंडू टेबलाखाली गेला, साठीच्या बाई रांगत टेबलाखाली. मी ऑफिसमधून आले की बटण त्यांच्या कमरेवर आणि त्या म्हणायच्या, "दमलीये गं पोर." दमलेल्या तुम्ही आहात, असं म्हणायचं माझ्या जिभेवर असायचं.

आणि नवरा? तो सोफ्यावर आडवा. बटण त्याच्या अंगावर चढून, सरकून, आपटून, पलीकडे उतरत असायची, आणि हा फोनमध्ये डोकं घालून.

"अरे, बघ तरी तिच्याकडे!"

"बघतोय की."

"ती पडेल."

"पडली की रडेल. मग बघतो."

असल्या माणसाशी काय बोलायचं?

पण माझा खरा छळ म्हणजे तपासणी. दर सहा महिन्यांनी केंद्रातल्या मोठ्या मॅडम येतात. चष्म्याला साखळी, हातात पाटी, पाटीवर कागद. कागदावर तीस कामं : डाव्या पायावर तीन सेकंद उभं राहणं, जमिनीवरच्या पट्टीवरून चालणं, खोक्यावर आधाराशिवाय चढणं आणि उतरणं, असली. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एकूण नव्वद.

पहिल्या तपासणीत बटणला एक्केचाळीस मिळाले.

मी आयुष्यात कधी नव्वदपैकी एक्केचाळीस बघितले नव्हते. बटण मजेत होती, तिने खोक्याला चाटूनही बघितलं. मोठ्या मॅडमनी तिची डावी टाच हातात धरली, वर-खाली करून बघितली आणि म्हणाल्या, "स्नायू आखडायला लागलाय. सहा महिन्यांनी आकडा इथेच असला तर पाय दोन-तीन आठवडे प्लास्टरमध्ये घालू. घाबरायचं नाही. ताण देण्याची ती एक पद्धत आहे."

घाबरायचं नाही, हे वाक्य ऐकून आजवर कोण घाबरलेलं नाही? माझ्या डोळ्यांसमोर ते पांढरं पाऊल आलं, त्यात अडकलेली माझी मुलगी आली, आणि 'मी सांगत होते' म्हणणाऱ्या सासूबाई आल्या. मोठ्या मॅडम कागद भरत होत्या तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते. मला सरळ, उलटं, तिरकं, सगळं वाचता येतं. घरी पोचेपर्यंत तीसपैकी सव्वीस कामं पाठ होती. उरलेली चार मी पुढच्या मंगळवारी मोजेताई हात धुवायला गेली तेव्हा तिच्या फायलीत बघितली.

आणि मी तयारीला लागले. मला दुसरं काय येतं? परीक्षा म्हटली की मी अभ्यासक्रम मागते.

केंद्रातला खोका माझ्या घोट्याच्या वर चार बोटं होता. कॉलेजची चार जाड पुस्तकं, दोन अर्थशास्त्राची आणि दोन संख्याशास्त्राची, एकमेकांवर ठेवून चिकटपट्टीने बांधली; बरोबर तेवढीच उंची. इतकी वर्षं ती पुस्तकं कपाटात नुसती धूळ खात होती. फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली, केंद्रात असते तेवढ्याच रुंदीची. एका पायावर उभं राहताना बटण समोर कुठेतरी टक लावते, हे मी हेरलं होतं. केंद्राच्या भिंतीवर आग विझवण्याच्या नळकांड्याची लाल गोल खूण आहे, तिच्या डोळ्यांच्या थोडी वर. मी घरी कपाटावर तेवढ्याच उंचीवर लाल गोल चिकटवला.

रोज संध्याकाळी अर्धा तास. प्रत्येक कामाला एक मनुका.

"परीक्षा तिची आहे की तुझी?" नवऱ्याने विचारलं.

"तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडतोय? या घरात पडायची परवानगी एकीलाच आहे."

सासूबाई पहिले आठ दिवस तोंड फिरवून बसल्या. नवव्या दिवशी त्यांनी मनुकांची वाटी स्वतःच्या मांडीवर घेतली. पंधराव्या दिवशी त्या ओरडत होत्या, "पाय सरळ! नाक लाल गोलाकडे! शाब्बास माझी वाघीण!" आणि एकदा, वाटी झाकताना, त्या सहज म्हणाल्या, "हिला ही पायरी येते गं. खालच्या दाराची मात्र अजून येत नाही. आज दोनदा बसून उतरली."

मी म्हटलं, "आई, प्लीज."

माझं लक्ष कागदाकडे होतं.

मोजेताईलाही बदल दिसला. का नाही दिसणार? तिच्याकडचा खोका म्हणजे आमचीच पायरी होती. "अरे वा, बटण! काय झालंय तुला?" ती खूश झाली. इतकी, की टाचेचा ताण देणं तिने निम्म्यावर आणलं आणि उड्यांकडे वळली. मी समोर बसले होते. मी काही बोलले नाही. मला अभिमान वाटत होता, हे सांगायला आता लाज वाटते, पण वाटत होता.

तपासणीच्या दिवशी सासूबाईही आल्या. खाली बाकावर पिशवी घेऊन बसल्या, कारण वर त्यांना बघवणार नव्हतं. मोठ्या मॅडमनी पाटी उचलली आणि बटण एकामागून एक कामं करत सुटली. लाल खूण, तीन सेकंद. पट्टी, टोकापासून टोकापर्यंत. खोका, वर, खाली. आणि प्रत्येक कामानंतर मोठ्या मॅडमकडे वळून आ करून उभी.

"भूक लागलीये का हिला?" मॅडम म्हणाल्या.

"दुपारी नीट जेवली नाही," मी म्हटलं. तिने दुपारी दोनदा मागून घेतलं होतं.

सदुसष्ट. नव्वदपैकी सदुसष्ट. मी मनातल्या मनात टक्केवारी काढली, उत्तीर्णच्या शिक्क्यासकट.

मोठ्या मॅडमनी चष्मा काढून साखळीवर सोडला. "सुंदर. प्लास्टरचा प्रश्नच नाही. आता आठवड्यातून दोनदा यायची गरज नाही. घरी करत राहा, दोन महिन्यांनी एकदा दाखवा. मंगळवार-शुक्रवार मोकळे होतील, रांगेतल्या पोरांना देता येतील." त्यांनी कागदावर सही केली आणि तो बाहेरच्या टेबलाकडे पाठवून दिला.

मोजेताई हसत होती. बटणने तिच्या मोज्यांचा निरोप घेतला, एकेकाचा वेगळा. मी "थँक्यू" म्हटलं. काहीतरी चुकलंय हे मला तेव्हाच कळलं होतं, पण घसा म्हणत होता थँक्यू.

लिफ्टपाशी एक स्ट्रेचर आणि दोन चाकाच्या खुर्च्या होत्या. आम्ही कायम लिफ्टने येतो-जातो. चारच्या आत पोचायचं तर जिन्याची चैन कुणाला परवडते? आज घाई नव्हती. आज माझी मुलगी सदुसष्ट गुणांची होती.

"चल, जिन्याने जाऊ. आजी खाली आहे."

बटण वरच्या पायरीच्या कडेला उभी राहिली. खाली बघितलं. मग समोरच्या भिंतीवर काहीतरी शोधलं. मग माझ्याकडे वळून आ केला.

"आता मनुका नाहीत. उतर बघू. आपण घरी उतरतो तसं."

"आई, ही आपली पायरी नाही."

"पायरी ती पायरी! घरी शंभर वेळा उतरतेस!"

तिने पाय उचलला, परत ठेवला. डाव्या हाताने माझा कुर्ता पकडायला गेली, मूठ उघडली नाही. मग ती खाली बसली आणि बसल्या बसल्या एक पायरी सरकली. मागून एक माणूस खोकं घेऊन येत होता. "बाई, जरा पोरीला बाजूला घेता का?"

मी तिला उचललं. आणि त्या क्षणी मला सासूबाईंचं वाक्य ऐकू आलं, शब्दन् शब्द. आज दोनदा बसून उतरली. त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी 'आई, प्लीज' म्हटलं होतं.

मला ते पत्रकही आठवलं. शेवटून दुसरी ओळ. मी तिच्याखाली दोनदा रेघ मारली होती : 'मूल काय करू शकतं यापेक्षा, तुम्ही बघत नसताना रोज काय करतं ते आम्हाला सांगा.' समासात मी लिहिलं होतं, 'बघत नसताना बघायचं कसं?' फार हुशार वाटलं होतं तेव्हा.

मी धावत परत गेले. टेबलावरच्या मुलीच्या कानाला फोन होता आणि समोर आमचा कागद.

"थांबा," मी म्हटलं.

तिने बोट वर केलं. "हो, शुक्रवार चार. हो, याच शुक्रवारपासून..."

"अहो, थांबा ना!"

"बाई, बोलणं चाललंय." तिने फोनवर हात ठेवला, पण हात लहान होता आणि पलीकडचा आवाज मोठा. एक बाई बोलत होती, भराभर, मध्येच अडखळत : हो हो, नक्की येऊ, वेळेच्या आधी येऊ, काय काय आणायचं, थांबा हं, मी लिहून घेते, पेन कुठे गेलं, अरे पेन द्या कुणीतरी.

मी तो आवाज ओळखला. म्हणजे त्या बाईला मी ओळखत नाही. पण सात महिन्यांनंतर मलाही पेन सापडलं नव्हतं.

मी बटणला कडेवर घेऊन सरळ आत गेले. मोजेताई गाद्या पुसत होती, मोठ्या मॅडम पाटीवर नवीन कागद लावत होत्या.

"सदुसष्ट खोटे आहेत," मी म्हटलं.

सगळं सांगितलं. पुस्तकं, पट्टी, लाल गोल, मनुका, फाईल. फाईल सगळ्यात शेवटी सांगितली. बटण मध्ये मध्ये भर घालत होती : "आजीपण ओरडते. शाब्बास माझी वाघीण."

मला वाटलं होतं, मोठ्या मॅडम रागावतील. त्यांनी नुसता चष्मा पुन्हा चढवला. रागावली ती मोजेताई. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने मला वाटतंय मी काहीतरी बरोबर करतेय. मी हिचा ताण कमी केला. तुमच्या पुस्तकांच्या भरवशावर! तुम्ही समोर बसला होतात."

"हो."

"बोलला नाहीत."

"नाही."

"अहो, इथे नापास कुणी होत नाही. आकडा कमी आला तर तो माझ्यासाठी असतो, पुढे काय करायचं ते ठरवायला. तुम्ही मला खोटा नकाशा दिलात आणि मी त्यावर चालत सुटले." तिने फडकं बादलीत टाकलं. "काय म्हणावं तुम्हाला!"

मोजेताईचं सगळं खरं होतं. पण खरं सांगायचं तर रागही येत होता. सगळ्यांचा. प्लास्टरचं नाव काढून 'घाबरायचं नाही' म्हणणाऱ्यांचा, आईच्या हातात कागद न देता आईसमोर तो भरणाऱ्यांचा. हे मी बोललेसुद्धा, अर्धं रडत. मोठ्या मॅडम ऐकून घेत होत्या.

"हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "प्लास्टरबद्दल तेव्हा दहा मिनिटं बसून सांगायला हवं होतं. आज सांगते." मग त्या मोजेताईकडे वळल्या. "खोका ठेव बाजूला. जिन्याकडे ने हिला. मी वरून बघते."

जिना अकरा पायऱ्यांचा, मग वळण, मग पुन्हा अकरा. उजवीकडे कठडा, डावीकडे भिंत. मोजेताईने बटणला वरच्या पायरीवर उभं केलं, स्वतः चार पायऱ्या खाली जाऊन कडेला बसली आणि मोज्याला लागलेलं काहीतरी उपटायला लागली. आज डावा हिरवा होता, उजवा राखाडी.

"आई, तुम्ही वर बसा. हात मांडीखाली."

"मांडीखाली?"

"दाबून. आणि तोंड बंद."

मी बसले. हात मांडीखाली घातले.

"बटण, मला खाली जायचंय," मोजेताई म्हणाली. "तू ये सावकाश."

बस. ना शाब्बास, ना पाय सरळ. बटण उभी. मी तिच्या पाठीकडे बघत होते आणि मनात ओरडत होते, कठडा पकड, कठडा, उजवीकडे आहे, उजवीकडे! तिने एक मिनिटभर काहीच केलं नाही. मग खाली बसली. मग, कंटाळून असेल, उठली. कठडा पकडला.

तेवढ्यात वळणावर सासूबाई उगवल्या, पिशवीसकट. "अगंबाई! एकटी सोडलीत काय पोरीला? थांब गं राणी, मी घेते!"

"आई, हात लावू नका!" मी किंचाळले.

"तुम्हीही," मोजेताई मला म्हणाली. माझा एक हात मांडीखालून बाहेर आला होता.

सासूबाई वळणावरच थांबल्या. पिशवी पोटाशी धरून, ओठ दाबून. मला माहीत आहे तो चेहरा. त्यांच्या राज्यावर परचक्र आलं होतं.

पहिली पायरी : डावा पाय खाली, मग उजवा त्याच्याशेजारी. दुसरी तशीच. तिसरीवर ती झुकली, अगदी झुकली, आणि तिने डावा हात भिंतीला लावला. मूठ लावली. घसरली. पुन्हा लावली. आणि या वेळी पंजा उघडला. पाच बोटं, सगळी, भिंतीला सपाट. ते काम त्या कागदावर कुठेच नव्हतं. तीसपैकी एकातही नाही. मी ते तिच्याकडून एकदाही करून घेतलं नव्हतं.

मोजेताईने बघितलं. आणि एक पायरी खाली सरकली. माझं तोंड बंद होतं, सांगितल्याप्रमाणे.

चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये मोजेताईने मला सौदा सांगितला, बटणवरची नजर न काढता. "टाचेचं प्लास्टर करावं लागेल. दोन आठवडे. त्यातला थोडा दोष माझ्या कमी केलेल्या ताणाचा आहे आणि बराचसा पुस्तकांचा. मंगळवार तुमचा राहील. शुक्रवार त्या बाईंना सांगून झालाय, तो मी परत घेणार नाही."

मी मान हलवली. वाद घालायला हात लागतात, आणि माझे हात अडकले होते.

"शुक्रवारी चार वाजता काय करायचं मग?" मी विचारलं.

"घरी जिना आहे?"

"खालच्या दाराला तीन पायऱ्या आहेत."

"मग तिथे बसा. तुमचे मिस्टर असतात घरी?"

"सोफ्यावर असतो."

"त्यांना बसवा. ते काय करतात?"

"काहीच करत नाही!"

"हां," मोजेताई म्हणाली. "ते चालतील."

एवढ्या दुःखातही मला नवऱ्याचा संताप आला. ही बातमी मी त्याला सांगणार नव्हते. किमान आठवडाभर तरी.

सातव्या पायरीवर बटण थांबली. कुणीतरी च्युइंगम चिकटवून ठेवलं होतं, काळं पडलेलं. तिने ते वाकून नीट बघितलं. बोटाने दाबलं.

"आई, हे काय आहे?"

घाण आहे, सोड, चल पुढे, हे सगळं माझ्या दातांपाशी येऊन थांबलं. मागे लिफ्ट उघडली, बंद झाली, पुन्हा उघडली. खालून कुणीतरी चढत आलं, सासूबाईंनी त्याला पिशवीने अडवलं. "थांबा हो जरा. आमची पोर उतरतेय."

माझ्या बोटांतली संवेदना केव्हाच गेली होती. मोठ्या मॅडमच्या घड्याळाप्रमाणे सोळा मिनिटं झाली होती. आणि बटण अजून च्युइंगमशीच बोलत होती.